भारद्वाजाचा पासपोर्ट फोटो

चूक विहंगचीच. सोसायटीच्या ग्रुपवर त्यानंच लिहिलं होतं, "मागच्या प्लॉटवर भारद्वाज येतो. कृपया तिकडे गर्दी करू नये."

झालं! पुढचं वाक्य वाचायला कोणाला सवड? भारद्वाज दिसणं म्हणजे शुभ. बेसा भागातल्या त्या रिकाम्या प्लॉटवर, घाणेरीच्या झुडपांपुढे, सकाळपासून लोक दर्शनाला येऊन राहिले होते. कोणी इंटरव्ह्यूला जाता जाता, कोणी नवी स्कूटर घेऊन.

आणि विटांच्या ढिगाआड उकिडवा बसलेला विहंग दात खाऊन राहिला होता. वन्यजीव छायाचित्रांच्या प्रदर्शनाला फोटो पाठवायची आज शेवटची तारीख. गेल्या वर्षी त्यानं फांदीवर बसलेला भारद्वाज पाठवला, तर परीक्षक भर हॉलमध्ये म्हणाले, "हा तर पासपोर्ट फोटो! पक्षी काय करतो ते दाखवा ना." तेव्हापासून ऑफिसात त्याचं नाव पासपोर्ट. शिपाईसुद्धा हाक मारायचा, "पासपोर्टभाऊ, साहेब बोलावते." हे नाव पुसायचं तर आज भारद्वाज चोचीत शिकार घेऊन सापडायला हवा होता.

झुडपातून कूप-कूप आवाज आला. मग तांबूस पंख दिसले. पक्षी तुरुतुरु बाहेर आला आणि विटांवर ऊन खात बसलेल्या सरड्याकडे मान वाकडी करून बघू लागला. विहंगनं श्वास रोखला.

"विहंगभाऊ, कुठी हाय जी? मले तं काहीच दिसून नाही राहिलं!"

सोसायटीचे सेक्रेटरी शालिकराम. हातात पेटलेली उदबत्ती. भारद्वाज गडप, सरडाही गडप.

"काका, हळू बोला ना! तो शिकार करून राहिला होता."

"शिकार? भारद्वाज? काहीही सांगता. तो फळं खाते."

"सरडे खातो. साप खातो. दुसऱ्यांच्या घरट्यातली पिल्लंसुद्धा उचलतो."

शालिकरामांनी दोन्ही कानांना हात लावले. उदबत्तीचा चटका बसला. "सकाळी सकाळी असं अभद्र नका बोलू जी! पोरीचा पेपर हाय आज."

तेवढ्यात विहंगची आई, यमुताई, चहाचा थर्मास घेऊन आली. "अजून जमलं नाही का रे तुझं?"

"आई, आवाज नको. आता नर सरडा पकडून मादीला नेऊन देईल. मगच त्यांचं जुळतं."

"बघ! पाखराला कळतं, रिकाम्या हातानं जाऊ नये. आणि तू? मुलगी बघायला गेलास अन् तिला मोबाईलवर बिबट्याची शी दाखवलीस."

"तिनंच विचारलं ना, आवड कशाची!"

यमुताई उत्तर देणार, तोच भारद्वाज फडफडत समोरच्या भिंतीवर आला. अगदी उन्हात. चोचीत सरडा, शेपूट अजून वळवळणारं. मागोमाग मादी येऊन बसली. विहंगनं कॅमेरा उचलला. लाल डोळा काचेत लख्ख दिसला. बोट बटणावर टेकलं.

"विहंग! नमस्कार कर!"

पहिलीपासून इंजिनिअरिंगपर्यंत प्रत्येक परीक्षेला जाताना भारद्वाज दिसला की आई हेच, याच आवाजात म्हणायची. विहंगचे हात जोडले गेले. डोळेही मिटले.

कॅमेरा गळ्यातल्या पट्ट्यावरून धाडकन पोटावर आदळला. जाता जाता क्लिक झालं.

डोळे उघडले तेव्हा भिंतीवर नुसतं ऊन होतं.

"दिला गा, दिला! सरडा दिला तिले!" शालिकराम हरखून नाचत होते. "कशी गेली थे घेऊन! काय दर्शन झालं जी!"

"तुम्ही फोटो काढला का, काका?" विहंगचा आवाज रडवेला झाला.

"कसा काढू? हात जोडले होते ना."

विहंगनं कॅमेऱ्याची स्क्रीन पाहिली. शालिकरामही खांद्यावरून वाकले.

"हे काय हाय जी, मातकट-मातकट?"

"माझा पाय."

शालिकरामांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि हळहळून मान हलवली. "असा हललेला तं पासपोर्टले बी नाही चालत जी."