खिडकीतलं औषध

"तात्या, औषध झालं का?"

"झालं बाई एकदाचं. जिवावर आलं होतं, पण तुझा शब्द मोडायचा नाही असं ठरवलं होतं."

"फार कडू होतं?"

"डोळ्यांत पाणी आलं अगदी! पण थेंब शिल्लक ठेवला नाही. आता आंघोळीला जातो, ठेव."

सून हसली आणि तिने फोन ठेवला. तात्यांचे बोलणे नेहमी असेच असे. जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केलेल्या माणसाला साधे उत्तर देणे कमीपणाचे वाटते, असे तिचे मत होते. खोकल्याच्या चमचाभर औषधाचीही त्यांनी कथा केली होती.

दुपारची सुट्टी नुकतीच झाली होती. दातांच्या कवळ्या तयार करणाऱ्या त्या छोट्याशा प्रयोगशाळेत प्लास्टरची पांढरी धूळ बाकांवर बसली होती. वितळलेल्या मेणाचा गोडसर वास खोलीत भरून राहिला होता. तिच्यासमोर एका अनोळखी म्हाताऱ्या बाईच्या वरच्या जबड्याचा साचा होता. त्यावर मेणाच्या हिरड्या चढवून दात एकेक करून बसवायचे काम अर्धे झाले होते. डबा काढण्यासाठी तिने पिशवीत हात घातला. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी बोटांना लागले.

तिने ते बाहेर काढले, कागद सोडला. आत तपकिरी बाटली होती. तिच्यावर औषधांच्या दुकानाची चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर तात्यांचे नाव.

बाटलीचे सील शाबूत होते.

काही क्षण तिला त्याचा अर्थच लागेना. मग लागला. काल कामावरून परतताना तिने दोन बाटल्या घेतल्या होत्या. एक तात्यांच्या खोकल्याची. दुसरी बियाण्यांच्या दुकानातली. दुकानदाराने मोठ्या डब्यातून ओतून, कुठल्यातरी जुन्या तपकिरी बाटलीत भरून दिलेली. "बादलीला एक झाकण, त्याच्या वर नाही," तो म्हणाला होता. "आणि हात धुवा. कडक औषध आहे." दोन्ही बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या होत्या. सकाळी घाईत तिने पिशवीतून त्यातली एक काढून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली होती आणि दारातूनच ओरडून सांगितले होते, "तात्या, औषध खिडकीत ठेवलंय. जेवण झालं की न विसरता!"

थेंब शिल्लक ठेवला नाही.

तिने पुन्हा फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. पलीकडे तीच घंटा, रिकाम्या घरात वाजावी तशी. नवरा जहाजावर होता, त्याला सांगून उपयोग नव्हता. शेजारची दोघेही या वेळी कामावर. तिने घराजवळच्या डॉक्टरांना फोन केला.

"डॉक्टर, आमच्या तात्यांनी... झाडांचं औषध घेतलं."

"का? घरात काही झालं होतं का?" डॉक्टरांनी एकदम विचारले. तेव्हा तिच्या लक्षात आले की आपण उच्चारलेले वाक्य लोक कोणत्या अर्थाने उच्चारतात.

"चुकून! चुकून घेतलं हो. माझी चूक आहे."

"किती घेतलं?"

"सगळी बाटली."

"उलटी काढायला लावू नका. मीठ-पाणी, दूध, काही पाजू नका. बाटली मात्र जपून ठेवा. मी निघतोच आहे, तुम्हीही पोचा."

अंगावरचा ॲप्रन न काढता ती धावत सुटली. मागून कुणीतरी "अगं, काय झालं?" असे विचारले, तिने मागे पाहिले नाही. रिक्षा मिळाली, पण चौकात अडकली. पुढच्या मोटारीतला माणूस खिडकीतून हात बाहेर काढून निवांत बोटे वाजवत होता. ती उतरली आणि पुन्हा पळू लागली. कालचे भांडण एकेका वाक्याने तिच्या मागे लागले होते.

भांडण अंगणावरून होते. घरामागची फरसबंद जागा ती काय, चार पावले लांब नि तीन पावले रुंद. पण तिथे तिने कुंड्यांमध्ये मिरच्या, टोमॅटो, जास्वंद, गुलाब असे सारे जगवले होते. भिंतीवर मधुमालती चढवली होती. तात्या दिवसभर वेताच्या खुर्चीत बसून तिथल्या येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद डोक्यात ठेवत. मधमाश्या, फुलपाखरे, नळाखालच्या घमेल्यातला बेडूक, भिंतीवरचा सरडा हे सारे 'पासवाले'. मावा, पिठ्या ढेकूण, रात्रीतून पाने कुरतडणाऱ्या गोगलगायी हे 'फुकटे'. यंदा मधुमालतीत बुलबुलाच्या जोडीने घरटे केले, तेव्हा तात्यांनी त्या कोपऱ्याला 'राखीव जागा' म्हणून जाहीर केले आणि तिथे कपडे वाळत घालायला बंदी केली.

पण फुकटे वाढत गेले. मिरचीच्या शेंड्यांवर काळा मावा असा दाटला की हिरवा रंग दिसेना. तिने कडुनिंबाचे तेल मारले, साबणाचे पाणी मारले, गोगलगायी चिमट्याने वेचल्या. जास्वंदीवर पिठ्या ढेकणांनी कापूस पिंजून ठेवल्यासारखे केले. काल संध्याकाळी तिचा संयम सुटला.

"उद्या औषध मारणार म्हणजे मारणार, तात्या."

"थोडं थांब ना. ढालकिडे यायला लागलेत. ते बघ, मावा मटकावतायत."

"ढालकिडे जेवायला बसेपर्यंत माझी झाडं वर जातील!"

"आणि वेलीवरची पिल्लं? ती कुठं जातील?"

"तुम्हांला पाखरं दिसतात. माझे कष्ट नाही दिसत."

यावर तात्या गप्प झाले होते. त्यांचे ते गप्प होणे आता तिला सर्वांत जास्त छळत होते.

घराचे दार लोटलेले होते. "तात्या!" उत्तर नाही. बाहेरच्या खोलीत फोन टेबलावर पडला होता. स्वयंपाकघरात खिडकीची चौकट रिकामी होती. ओट्यावर चुरगळलेले वर्तमानपत्र, शेजारी ती तपकिरी बाटली, झाकण उघडे. तिने बाटली उपडी धरून पाहिली. आत काही नव्हते. तिच्यातून घशाला लागेल असा उग्र वास येत होता. मोरीजवळच्या वाटीत पाण्यात तात्यांची कवळी होती. तिने स्वतःच्या हातांनी बसवलेले ते दात पाण्यातून तिच्याकडे पाहून हसत आहेत असे तिला वाटले.

न्हाणीघराचे दार आतून बंद होते. आत पाणी वाहत होते. बादली भरून वाहते आहे आणि नळ बंद करायला कुणी नाही, अशा आवाजात.

"तात्या! तात्या, ऐकू येतंय का? दार उघडा!"

तिने दोन्ही हातांनी दार बडवले. खांदा लावला. कडी खळखळली, पण निघाली नाही. सासूबाई गेल्या तेव्हा आपण हे असेच एका बंद दारासमोर उभे होतो, इस्पितळातल्या. आणि त्या दारातून बाहेर आलेल्या माणसाने आपल्या डोळ्यांत पाहायचे टाळले होते, एवढेच तिला आठवले. तिने सारा जीव एकवटून पुन्हा धडक मारली.

आतला नळ थांबला.

"अगं, काय दार मोडतेस की काय?" दातांशिवाय निघालेला तो बोबडा आवाज तिने आयुष्यात इतक्या आतुरतेने कधी ऐकला नव्हता. "कानात साबण गेलाय. आलो!"

ती तिथेच फरशीवर बसली. तात्या टॉवेल गुंडाळून दारात उभे राहिले. डोळे लाल, पाणावलेले.

"औषध... तुम्ही प्यायलात ना?" तिने विचारले.

"कुठलं औषध?"

"खिडकीतलं!"

"ते? ते मी पिईन कशाला? घरभर वास सुटला त्याचा." तात्या तिच्याकडे बघतच राहिले. "मला खोकला झालाय सूनबाई, मावा नाही झाला."

तिला हसू आले आणि त्याच हसण्यात ती रडू लागली. तात्या गोंधळले. तिच्या शेजारी वाकून ते हळूच म्हणाले, "काल तू म्हणालीस, औषध मारणार. सकाळी म्हणालीस, औषध खिडकीत आहे, विसरू नका. मला वाटलं, काम माझ्यावर सोपवलंस. माझ्या मनाविरुद्ध होतं, पण म्हटलं, तुझेही कष्ट आहेतच की. म्हणून मारलं."

तिचे रडणे थांबले.

"किती मारलं?"

"पंपात ओतली सगळी बाटली. थोडं कशाला ठेवायचं?"

जिथे झाकणभर पुरले असते तिथे सगळी बाटली. तोंडाला फडके नाही, हातात मोजे नाहीत. ओसरलेली भीती पुन्हा दाटून आली. "मळमळतंय का? घाम? श्वास नीट येतोय?" असे विचारत असतानाच डॉक्टर पोचले. त्यांनी तात्यांना पुन्हा साबण लावून आंघोळ करायला लावली, डोळे भरपूर पाण्याने धुवायला लावले, फवारणीच्या वेळचे कपडे पिशवीत बांधून बाहेर टाकायला सांगितले. बॅटरीच्या उजेडात बाहुल्या पाहिल्या, नाडी पाहिली.

"सध्या ठीक आहेत," ते म्हणाले. "पण आज यांच्यावरची नजर हटवायची नाही. लाळ सुटली, घाम फुटला, छाती भरून आली तर माझी वाट पाहू नका, थेट इस्पितळ गाठा. आणि खोकल्याचं औषध आज नको. उद्या सकाळी मी बघून सांगतो."

डॉक्टर गेल्यावर तात्यांना तिने खिडकीजवळच्या खाटेवर झोपवले. तेथून अंगण दिसत असे. मधुमालतीवर तात्यांची जाड चादर पसरलेली होती. खालची टोके त्यांनी विटांनी दाबली होती.

"राखीव जागा झाकली होती मी आधी," ते म्हणाले. "एक शिंतोडा जाऊ दिला नाही. आता काढ ती, आईबाप अडून बसलेत."

बुलबुलाची जोडी भिंतीवर अस्वस्थ उड्या मारत होती. तिने तोंडाला फडके बांधले, हातांत मोजे चढवले आणि चादर काढली. पानांच्या आडून तीन चोची वर आल्या, चिवचिवाट झाला. क्षणभर तिलाही बरे वाटले.

मग मादी खाली उतरली. ती मिरचीच्या कुंडीवर बसली. तिथे एक हिरवी अळी पानावरून सुटून दोऱ्यासारखी वळवळत होती. निसटण्याची ताकद तिच्यात उरली नव्हती. पाखराने ती सहज उचलली.

"हुश्श! हुश्श! टाक ती!" सून दोन्ही हात हलवत धावली. पाखरू उडाले. अळी चोचीतच होती.

"काय झालं?" तात्या खाटेवर उठून बसले.

"ती इथलंच उचलतेय, तात्या. मरायला टेकलेलं सगळं पटकन सापडतंय तिला."

तात्यांचा चेहरा पडला. "मी गाडीचं छप्पर झाकलं," ते पुटपुटले, "पण जेवणाचा डबा बाहेरून येतो हे नाही आलं माझ्या डोक्यात."

मावा आता पानांवरून गळत होता. फरशीवर मुंग्या वाकड्यातिकड्या धावत होत्या. एक ढालकिडा पाठीवर पडून पाय झाडत होता. इतके दिवस तिला हवे होते तेच हे दृश्य होते. तिने घरातून कात्री आणि जाड प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या. मिरचीचे झाड बुंध्याशी कापले, अख्खे पिशवीत कोंबले, तोंड बांधले. मग टोमॅटो, त्याला पहिली फळे धरली होती. मग जास्वंद. गुलाबाशी तिचा हात अडला. तो सासूबाईंनी लावलेला होता.

"काप," तात्या खिडकीतून म्हणाले. "ती असती तर तिनंही कापला असता."

तिने कापला. घमेल्यातले पाणी तिने बंद डब्यात ओतून ठेवले. बेडूक कुठे दिसला नाही. मेलेले किडे ओल्या फडक्याने टिपले आणि तेही पिशवीत घातले. दर थोड्या वेळाने आत जाऊन ती तात्यांच्या कपाळाला हात लावी, घाम आहे का पाही, श्वास ऐके, आणि परत बाहेर येऊन पाखरांना हाकलून देई. ज्यांच्या येण्याने तिची सकाळ सुरू होत असे, त्यांनाच ती दगड मारावा तशी हातवारे करून पळवत होती. अंगणात शेवटी रिकाम्या कुंड्या आणि एक वेल एवढेच उरले. अंधार पडेपर्यंत मादी शेजारच्या झाडावरून काहीतरी आणत होती. त्यातले काय चांगले, काय वाईट, हे ओळखायला मार्ग नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर येऊन गेले. बाहुल्या ठीक, छाती ठीक. खोकल्याचे औषध सुरू करा, म्हणाले. ते गेल्यावर ती दबक्या पावलांनी अंगणात गेली आणि वेलीपासून हातभर अंतरावर उभी राहिली. मादी आली. दोन चोची वर आल्या.

ती वाट पाहत राहिली. मादी उडून गेली, परत आली. पुन्हा दोनच.

"सगळे पासवाले हजर?" आतून तात्यांनी विचारले.

खोटे बोलावे असे तिच्या मनात येऊन गेले. "दोन आहेत," ती म्हणाली.

तात्या उठून बसले आणि म्हणाले, "आण माझं औषध."

तिने बाटलीचे सील फोडले. चिठ्ठीवरचे नाव वाचले, पुन्हा एकदा वाचले. वास घेतला. चमच्यात थेंबभर ओतून आधी स्वतःच्या जिभेवर ठेवला आणि थांबली. गोड होते. तिने चमचा भरला. तात्यांनी कवळी अजून लावली नव्हती. काही न विचारता, डोळे मिटून, त्यांनी ते मऊ, बिनदातांचे तोंड तिच्यासमोर उघडले.