तांबड्याच्या मानेची पिसं

नवस मी बोलले होते, आणि तांबड्याचाच बोलले होते. खोटं कशाला सांगू? माझ्या सुनेचं, सुंदराचं, बाळ जन्मताच गेलं आणि पोर तापानं फणफणत पडली. तोंडात पेजेचा थेंब जाईना. मी गावदेवीसमोर पदर पसरला. म्हटलं, आई, माझी पोर उठू दे, अंगणातला तांबडा कोंबडा तुला देईन.

पोर उठली. पण उठली ती तांबड्याला पोटाशी धरूनच. दुखण्यात तो मेला तिच्या चटईपाशीच बसून असायचा, तिच्याच हातच्या कण्या खायचा. आता नवस फेडायची वेळ आली, तर ही बया त्याच्याशी बोलत बसलेली. मी ओरडायचे, "अगं, देवीचा हाय तो! जीव लावू नको." ती गप ऐकून घ्यायची आणि परत त्याला मांडीवर घ्यायची.

माझा लेक नामा दहिवलीला रेल्वेच्या साहेबाकडं कामाला. साहेब रजेवर विलायतेला निघालेला. तिकडं थंड पाण्यात ट्राउट म्हणून मासा असतो म्हणे. त्याला गांडूळ नको, पाण्यावर तरंगणारी माशी पायजे, आणि तीबी खोटी! गळावर रेशीम नि पिसं गुंडाळून केलेली. साहेबाची बोटं वातानं आखडलेली, म्हणून त्यानं नामाला शिकवलं. हा एवढा वाघासारखा माझा लेक, रोज सांजेला ओट्यावर बसून माश्या बांधायचा. मी कपाळाला हात लावायचे.

बरं, त्याच्या माश्या बुडायच्या. कोंबडीचं पीस मऊ, लगेच पाणी पितं. "जुन्या कोंबड्याच्या मानेचं पायजे गं आये," तो बोलला. "ते ताठ असतं."

दुसऱ्या दिवशी मी रानातनं आले, तर दोघं नवराबायको डोक्याला डोकं लावून बसलेली. नामानं गळ चिमट्यात धरला होता. मेण लावलेला धागा त्यावर गुंडाळला, मग एक लांब पीस गोल गोल फिरवलं. त्याचे केस चारी बाजूंनी सुरवंटासारखे उभे राहिले. गाठ मारून त्यानं ती माशी परातीतल्या पाण्यात सोडली. तरंगली की हो! सुंदरानं हळूच फुंकर मारली, तशी ती पलीकडच्या काठाला गेली. मीबी बघत राहिले. मग पिसाचा रंग ध्यानात आला.

"मेल्या, हे पीस कुणाचं?"

नामा खाली बघायला लागला. सुंदरा बोलली, "मी उपटलं, आत्या. दोन उपटली. व्यंग आलेला जीव देवीला चालत नाय ना?"

मी अशी पेटले! "अगं, तुझ्यासाठीच बोलले होते नवस! देवी कोपली तर?"

"कोपू दे. माझ्या मांडीवरनं एक नेलं, आता हा पण नेणार?"

बाळ गेल्यापासून त्याचा शब्द आमच्या घरात कुणी काढला नव्हता. मीच काढू दिला नव्हता. पोरीला त्रास नको म्हणून. आणि ती एकटीच सगळं सोसत बसली होती. मला लई वाईट वाटलं. मी चुलीपाशी जाऊन रडले.

सकाळी देवीचा भगत शुक्रा कोंबडा न्यायला आला. मी पिसांचं सांगितलं. त्यानं तांबड्याची मान चाचपली आणि हसला.

"दोन पिसांनी कसलं व्यंग येतंय, भागूबाय? चालंल. आण इकडं."

सुंदरा दाराला धरून उभी होती. तापात होता तसा तिचा चेहरा झाला. नामा तिच्या मागं, त्याला काय करावं सुचेना.

मी तांबड्याला काखेत घेतलं, डोळे मिटले आणि त्याच्या मानेची मूठभर पिसं ओढून काढली. त्यानं सगळी वाडी डोक्यावर घेतली, माझ्या मनगटातनं रक्त काढलं. मानेवर नुसती गुलाबी कातडी दिसायला लागली.

"आता रं, शुक्रा?"

"हे काय केलंस बाय!" तो दोन पावलं मागंच सरला. "देवी सुनेला धरंल तुझ्या!"

"सुनेला कशी धरंल? देवीला नारळ दे, आणि नीट समजावून सांग," मी बोलले. "हात भागूचा होता. धरायचंच असलं तर मला धर म्हणावं."