परगावी गेलेले आजोबा

वहिनींच्या दृष्टीच्या मधोमध डाग पडला, तेव्हापासून रोज दुपारी तीन वाजता मी त्यांना कोरियन मालिका वाचून दाखवीत आलो. कडेकडेचे त्यांना दिसते. कोण उभे आहे, कोणत्या रंगाचे कपडे आहेत, एवढे कळते. चेहरे मात्र पुसल्यासारखे होतात आणि पडद्याच्या तळाशी धावणाऱ्या इंग्रजी ओळी तर त्यांच्यापुरत्या नाहीतच. त्या मी मराठीत सांगत जातो. चाळीस वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासलेल्या माणसाला डोळा आणि जीभ एका चालीने चालविणे जड जात नाही.

दादाला जाऊन दीड वर्ष झाले. या अवधीत मी रडलो नाही. आपल्याला दुःख झाले आहे, हे मला ठाऊक आहे; आपला घरक्रमांक ठाऊक असावा, तसे. सकाळी दाढी करतो, दूध तापवतो, वहिनींच्या गोळ्या वारांप्रमाणे डबीत भरतो. ज्यात माझा कोणाला उपयोग होतो, असा दिवसातला एकच तास, आणि तो तीन वाजता सुरू होतो.

वहिनींची मते ठाम असत. “सोळा भागांत संपतात, हे या लोकांचं मोठं पुण्य,” त्या म्हणत. “दुसऱ्या मालिकांत तोवर नायिकेची नात नांदायला जाते.” श्रीमंत घरची आई भांडायला आली, की तिचा हात आधी पेल्याकडे जातो आणि पाणी समोरच्याच्या तोंडावर, बोलणे मागाहून. चौदाव्या भागात ताटातूट झालीच पाहिजे, असा त्यांच्यात कायदा आहे काय, असे त्यांनी मला दोनदा विचारले होते. माझ्या भाषेवरही त्यांचा आक्षेप असे. “भाऊजी, तो मुलगा मोटारी दुरुस्त करतो. ‘मी तुझ्याविना अपूर्ण आहे’ असं कोण बोलतं गॅरेजमध्ये?”

गेल्या सोमवारी माझी पुतणी, म्हणजे वहिनींची मुलगी, एक लहानसे यंत्र घेऊन आली. पडद्यावरच्या ओळी ते आपण होऊन मराठीत बोलून दाखवते.

“आईनंच मागवलं, काका,” ती चपला घालता घालता म्हणाली. “तुमच्या घशाला तेवढाच आराम.”

ती गेल्यावर मी यंत्राच्या खोक्यावरची बारीक अक्षरे वाचली. दोन चुका होत्या.

“माझ्या वाचनात काही उणे राहिले का, वहिनी?”

“बसा. एक विचारते. मागच्या महिन्यात ती चपलांच्या कारखान्याची मालिका झाली. त्यात सहाव्या भागात आजोबांना इस्पितळात नेलं. तुम्ही म्हणालात, बरे झाले.”

“होय.”

“मग नातीच्या लग्नात कुठे होते?”

“परगावी होते.”

“दहा भाग? सख्ख्या नातीचं लग्न, आणि हा माणूस परगावी?” त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला; त्या काचांचा त्यांना आता काही उपयोग नव्हता. “सहाव्या भागाच्या शेवटी सगळे काळ्या कपड्यांत उभे होते. रंग दिसतो मला, भाऊजी. चेहरे दिसत नाहीत, रंग दिसतो.”

नऊ मालिकांत मिळून मी सात माणसे वाचविली होती. चूक दिसली की पेन्सिल आपोआप उचलली जावी, तसे ते घडत गेले. ओळ पडद्यावर उमटे, ती मला अशुद्ध वाटे, आणि तोंडातून दुसरीच बाहेर पडे. एकदा वाचवलेल्या माणसाला पुढे सांभाळणे मात्र अवघड असे. कोणाला परगावी धाडावे लागे, कोणाचा घसा बसवावा लागे.

“म्हणून मला चित्रपट आवडतात,” वहिनी म्हणाल्या. “निर्दय असतात, पण दोन तासांत तुम्हाला फार दुरुस्त्या करता येत नाहीत.” मग यंत्राच्या दिशेने हात करून म्हणाल्या, “आज चालू मालिकेचा शेवटचा भाग आहे. तुम्ही वाचा. जसाच्या तसा. नंतर मी तोच भाग याच्याकडून ऐकेन. एक माणूस जरी इकडचा तिकडे झाला, तर उद्यापासून हेच वाचेल.”

तीन वाजता आम्ही बसलो. मालिका एका जोडाऱ्याची, म्हणजे फिटर कामगाराची होती. जहाजे बांधण्याच्या गोदीत तो उंचावरून पडला होता. त्याची बायको इस्पितळाच्या व्हरांड्यात डबा मांडीवर घेऊन बसली होती. मी वाचत होतो. डॉक्टर बाहेर आले. त्यांनी मुखपट्टी खाली केली.

ओळ उमटली. मी थांबलो.

“वाचा,” वहिनी म्हणाल्या.

“‘आम्ही शक्य ते सर्व केले. त्यांचे निधन झाले आहे. वेळ, चार वाजून बारा मिनिटे.’”

पडद्यावरची बाई डब्याचे झाकण लावू लागली, ते बसेना. पुढच्या ओळी मी एकामागून एक वाचल्या. कर्ता, कर्म, क्रियापद. माझा आवाज सपाट होता आणि तो तसा राहिला, याचे मला नवलही वाटले नाही. भाग संपला.

“बरी होती,” वहिनी म्हणाल्या. “शेवट जरा ताणला. डबा मात्र खरा.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “आणि आपल्याकडे किती वाजले होते?”

त्या काय विचारीत आहेत, हे मला कळले. दादा गेला त्या दिवशी इस्पितळात मी एकटा होतो. फोनवर वहिनींना सांगितले, की दादाला झोप लागली आहे, जरा बरे आहे. समोरासमोर सांगावे, असा विचार केला. सातला घरी आलो आणि म्हणालो, साडेसहाला गेला.

“चार वीस,” मी म्हणालो.

“इस्पितळाच्या दाखल्यावरही तेच होतं. तेव्हा मला दिसत होतं.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काही करता आले असते.

“तुमचा फोन आला, म्हणून मी इस्त्री काढली,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, घरी येतील, तर कपडे तयार असावेत. सहा सदरे केले. कॉलरसकट.”

“मला ठाऊक नव्हते.”

“कसं असेल? तुम्ही विचारलंच नाही. मीही बोलले नाही.”

भिंतीवरचे घड्याळ चालले होते. वहिनींनी टेबलावरचे यंत्र चाचपडून उचलले, खोक्यात ठेवले आणि खोके माझ्याकडे सरकवले.

“हे पोरीला परत द्या.”

“पडताळून पाहणार होतात ना?”

“पाहिलं की.”

मी खोक्याला रबर लावले. चहा ठेवायला उठलो, तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

“भाऊजी, ते आजोबा कसे गेले?”

“झोपेत. सहाव्या भागात. नात त्यांच्यासाठी चपला घेऊन आली होती.”

“मापाच्या होत्या?”

मला ती ओळ आठवत होती. तेव्हा मी ती वाचली नव्हती.

“बोटभर मोठ्या होत्या,” मी म्हणालो आणि पातेल्यात दोन कप पाणी ओतले.