दिवा व्हायला नकार देणारा कॅमेरा

मी एक जुना फिल्म कॅमेरा आहे. जुना, बिघडलेला नव्हे. मित्रांनो, हा फरक आधी लक्षात घ्या.

गडचिरोलीच्या वामनरावांनी मला तीस वर्षे गळ्यात वागवले. चामोर्शीच्या बाजारात, चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर पांढऱ्या साड्यांच्या गर्दीत मी फोटो काढले. लोक म्हणत, "वामनरावचा फोटो बोलते!" वामनराव मात्र मला कुणाला हात लावू देत नसत. स्वतःच्या मुलालाही नाही.

ते गेल्यावर त्या मुलाने, देवानंदने, माझ्या डोळा लावायच्या खिडकीतून पाहिले आणि मला 'खराब' ठरवून कपाटात टाकले. सात वर्षे! शेवटी एका लॉजवाल्याने मला शोभेच्या दिव्यासाठी मागितले. माझ्या पोटाला भोक पाडून तो आत बल्ब बसवणार होता.

त्याच दिवशी धानोऱ्याच्या विज्ञानशिक्षिका संघप्रिया शाळेसाठी जुना कॅमेरा शोधत देवानंदच्या दुकानात आल्या. त्यांनी माझे भिंग उजेडात धरले, मग घड्याळ लावून शटर मोजले. एका सेकंदाला सव्वा सेकंद लागला. लागू दे! गुडघे दुखतात म्हणून माणसाचा कोणी दिवा करतो का?

"म्याडम, नका घेऊ," देवानंद म्हणाला. "याच्यात एकाचे दोन दिसते."

"दोन दिसते म्हनूनच चांगला हाय, भाऊ. रोडपलीकडं तुमची बायको कुंता भाजी घेऊन राह्यली ना? तिच्याकडं पाहा अन् ही कडी हळू फिरवा."

माझी रीतच तशी आहे. भिंगाभोवतीची कडी फिरवून दोन प्रतिमा एकमेकींवर आणायच्या. जुळल्या की अंतर बरोबर.

"अरे! एक झाली!" देवानंद ओरडला. "बरं झालं बाई, दोन कुंता मले झेपल्या नसत्या." मग तो हळूच म्हणाला, "बाबांनी कधी सांगतलंच नाई."

त्याने तिथूनच लॉजवाल्याला फोन लावला. "दिवा दुसरीकडं पाहा. हा कॅमेरा हाय, चालते." आणि मला संघप्रियाबाईंच्या हाती दिले.

मित्रांनो, मला कापसात गुंडाळून जपू नका. त्या जपण्यानेच मी कपाटात गेलो. मला वापरा, आणि कसे वापरायचे ते पुढच्याला शिकवा.

आज धानोऱ्याच्या वर्गात लाईट गेली आहे. तरी शटर जास्त वेळ उघडे ठेवून मी फोटो काढणारच. चला, हलू नका. एकच सेकंद.

बरं, सव्वा.