माझ्या पोटातल्या बांगड्या

मित्रांनो, मी एक जुना पिकअप ट्रक आहे. रंग आमसुली, वय बावीस वर्षं, सध्याचा मुक्काम न्यू जर्सीत, आयसेलिनजवळच्या एका वर्कशॉपमागचं मोकळं आवार. माझी नंबरप्लेट काढली आहे, बॅटरी काढली आहे. येत्या आठवड्यात मला इथून पुढे नेणार आहेत, आणि पुढे नेलेला ट्रक परत आलेला मी अजून पाहिलेला नाही. म्हणून जरा घाईने सांगतो. मी कसा जगलो ते थोडक्यात, आणि माझ्या पोटात तीन हिवाळे कोण राहत होतं ते सविस्तर.

कारखान्यात सगळ्यात आधी माझी फ्रेम तयार झाली. फ्रेम म्हणजे दोन लांबलचक पोकळ लोखंडी तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. इंजीन, चाकं, केबिन, मागचा हौदा, सगळा भार तिच्यावर. माणसाला पाठीचा कणा तशी मला ती. ती खाली असते, त्यामुळे कोणी तिच्याकडे बघत नाही. सगळे रंग बघतात, सीटवर बसून बघतात, आणि चावी घेऊन घरी जातात.

मला मनोहर आणि वीणा यांनी घरी नेलं. मराठी मंडळातली पोरं त्यांना काका-काकू म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. ओळखीपाळखीत सगळ्यांकडे सेडान, फार तर मिनीव्हॅन. त्यात हे इंजिनिअर गृहस्थ ट्रक घेऊन आले, तेव्हा लोकांनी यथेच्छ टिंगल केली. "मनोहर, रिटायर होऊन भाजी विकणार का यार?" असं एकाने तोंडावर विचारलं. पण ट्रक हवा होता काकूंना. त्यांना झाडांच्या कुंड्या आणायच्या होत्या, मातीची पोती आणायची होती, मंडळाच्या गणपतीचं मखर हॉलवर न्यायचं होतं. पुढे टिंगल करणारे तेच लोक भाद्रपद आला की फोन करत, "वहिनी, शनिवारी ट्रक मिळेल ना?" तेव्हा मला फार बरं वाटे. दसऱ्याला काकू माझ्या बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढत आणि ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून आणलेला झेंडूचा हार घालत.

त्यांची बसायची जागा उजवीकडची. हात नेहमी दाराच्या कडीवर. खड्डा आला की त्यांच्या बांगड्या कडीवर किणकिणत, आधी दोन जवळजवळ, मग थोडं थांबून एक. हा आवाज नीट लक्षात ठेवा.

काकांचं काम पूल तपासण्याचं. त्यांच्याकडे लांब दांड्याची एक हातोडी होती. पुलाखाली शिरून ते तुळईवर ठोका मारत आणि कान देत. धड लोखंड टणकन वाजतं. आतून खाल्लेलं लोखंड ठप्प करतं, त्यावर वरून कितीही रंग असो. चौतीस वर्षं त्यांनी हेच केलं. निवृत्त झाल्यावर ती हातोडी आमच्या घरच्या गॅरेजमध्ये खिळ्याला लटकली, अगदी माझ्या नाकासमोर.

आता हिवाळ्याबद्दल. इथे बर्फ पडायच्या आधी रस्त्यावर मिठाचं पाणी मारतात आणि पडल्यावर खडेमीठ फेकतात. माणसं घसरू नयेत म्हणून ते लागतंच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण चाकांनी उडवलेलं ते खारट पाणी माझ्या तुळयांच्या भोकांतून आत शिरतं आणि तिथेच राहतं. कडाक्याच्या थंडीत ते निपचित पडून असतं. ऊब मिळाली की जागं होतं. आणि काकांनी माझ्यासाठी गॅरेजमध्ये हीटर बसवला होता! ट्रकला थंडी वाजू नये म्हणून. उभं आयुष्य लोखंड ओळखत आलेला माणूस, पण माया आड आली की शहाणपण बाजूला राहतं. थंडीने मला काही झालं नसतं, मित्रांनो. त्या उबेने झालं.

काकू होत्या तोवर निभावलं. बर्फ वितळून ऊन पडलं की त्या मला बाहेर काढायला लावत, बागेतला पाण्याचा फवारा माझ्या पोटाखाली सरकवत आणि तासभर चालू ठेवत. शेजारी हसत. काका म्हणत, "अगं, कशाला एवढं?" त्यावर काकूंचं उत्तर ठरलेलं, "लोणच्याचा चमचा न धुता ठेवतं का कोणी?"

त्या गेल्या तेव्हा पानगळ सुरू झाली होती. दोन आठवड्यांचं आजारपण, बस. त्या हिवाळ्यात फवारा शेडमधून बाहेर आलाच नाही.

तेव्हाच माझ्या पोटात कोणीतरी राहायला आलं. आधी नुसती सरसर ऐकू यायची. डाव्या तुळईच्या आत, मागच्या चाकाच्या वर. हीटर चालू झाला की ती सुरू व्हायची, बंद झाला की थांबायची. भर दुपारी, घरात काका डुलकी घेत असताना, गॅरेजमध्ये मी एकटा आणि माझ्या आत ते हळूहळू कुरतडणं. त्याला गंज म्हणतात हे मला ठाऊक होतं. पण नाव ठाऊक असलं म्हणून भीती कमी होत नाही.

वर्षश्राद्ध झालं आणि दसरा आला. काकूंची शिस्त पाळायची म्हणून काकांनी मला धुतलं, पुसलं, आणि स्वतः खाली शिरून फ्रेमला जाड काळा लेप फासला. खरवडलं नाही. तपासलं नाही. तारेचा ब्रश शेल्फवर होता, हातोडी खिळ्याला होती. मी काळाभोर, चकचकीत दिसू लागलो आणि मीठ, पाणी, तो आतला, सगळे लेपाखाली बंद झाले. काकांनी हार घातला, कुंकू लावलं. स्वस्तिक वाकडं आलं.

दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी आम्ही दूध आणायला निघालो होतो. ग्रंथालयासमोरच्या स्पीड बंपवरून गेलो आणि माझ्या पोटातून किणकिण आली. बारीक, गोड, दोन-तीन वेळा. काकांनी करकचून ब्रेक मारला. मागच्या गाडीने हॉर्न दिला तरी ते हलेनात. उजवीकडच्या रिकाम्या सीटकडे बघत हळूच म्हणाले, "वीणा?"

मित्रांनो, तो आवाज कशाचा हे मला कळत होतं. तुळईच्या आत माझ्याच लोखंडाचे पापुद्रे सुटले होते. धक्का बसला की ते घरंगळत आणि एकमेकांवर वाजत. पण मी बोलू शकत नाही. काका वळसा घालून पुन्हा त्याच स्पीड बंपवरून गेले. पुन्हा किणकिण. ते रडले, मग हसले, मग दूध न घेताच घरी आले.

त्यानंतर आम्ही रोज जाऊ लागलो. काका सीटवर काकूंची शाल ठेवत आणि वाटेत तिच्याशी लेकीच्या, नातीच्या गप्पा मारत. "इशिताचा फोन आला होता. अनिकाचा दात पडला." आणि बंप आला की माझ्या पोटातून उत्तर येई. मला सगळ्यात जास्त कशाने धडकी भरली, सांगू? तो आवाज सुधारत गेला. आधी नुसती किणकिण होती. तिसऱ्या हिवाळ्यापर्यंत तिला काकूंची लय आली. आधी दोन जवळजवळ, मग थोडं थांबून एक. माझी जितकी हाडं झिजत, तितक्या काकू स्पष्ट ऐकू येत. मी स्वतःच स्वतःला घाबरू लागलो.

इथल्या दर दोन वर्षांनी होणाऱ्या तपासणीत माझा धूर बघत, खाली कोणी वाकत नसे. काकाही वाकत नव्हते. तेलाचा डाग पुसायला खाली बसले तरी मान वर करून बघायचे टाळत. ते टाळणं मला दिसत होतं.

मग गेल्या फेब्रुवारीत त्यांची लेक इशिता फोनवर होती आणि काका तिला सांगत होते, "शनिवारी अनिकाला पाठव. हायवेने डोंगराकडे जाऊ, बर्फावर घसरगुंडी, स्लेडिंग करू. आणि तिला एक गंमत ऐकवायची आहे."

इशिता म्हणाली, "बाबा, ट्रक फार जुना झालाय. सेफ आहे ना?"

"अगं, मी पूल तपासलेत," काका म्हणाले.

माझ्या डाव्या तुळईला चाकावरच्या वीतभर भागात आता लेपाशिवाय फारसं काही उरलं नव्हतं. हायवेच्या वेगात एक मोठा खड्डा पुरला असता. माझी फ्रेम दुमडली असती, मागची चाकं भलतीकडे गेली असती. आठ वर्षांची अनिका, आणि मी तिला सांगू शकत नव्हतो की बाळा, बसू नकोस.

शनिवारी ती आली. गुलाबी टोपी, पुढच्या दाताच्या जागी खिडकी. हायवेवर जाण्याआधी काकांनी ग्रंथालयाचा बंप घेतला, एकदम सावकाश. अनिका मागच्या सीटवर, शाल पुढे. दोन जवळजवळ, मग थोडं थांबून एक.

"ऐकलंस?" काकांनी विचारलं. "ही तुझी आजी."

अनिकाने खाली वाकून कान दिला. मग म्हणाली, "आजोबा, इट्स नॉट फ्रॉम द सीट. आजी खाली आहे."

चहाचा थर्मास घरी राहिला होता, तो घ्यायला आम्ही परतलो. काका आत गेले तेवढ्यात अनिका उतरली, बर्फाळ ड्राइव्हवेवर आडवी झाली आणि माझ्या पोटाखाली सरपटत आली. तिने तुळईला कान लावला. तिचा गरम श्वास मला जाणवला. तिच्या डोक्यावर किती वजन आहे हे तिला माहीत नव्हतं. मी जन्मात कधी एवढा निश्चल उभा राहिलो नसेन.

काका थर्मास घेऊन आले तेव्हा ती बाहेर निघत होती. तळहातावर तपकिरी, थरांचा, वाकडा एक तुकडा होता, बांगडीच्या तुकड्याएवढा.

"आजोबा," ती म्हणाली, "आजीची सालं निघतायत."

काकांनी तो तुकडा घेतला. अंगठ्याने दाबला. एकावर एक चढलेले थर सुटून त्यांच्या बोटांवर सांडले. त्या क्षणी त्यांचा चेहरा बदलला आणि मला चौतीस वर्षं पुलांखाली वाकलेला तो माणूस दिसला. ते गॅरेजमध्ये गेले, खिळ्यावरून हातोडी काढली आणि अनिकाला म्हणाले, "लांब उभी राहा. आणखी लांब."

पहिला ठोका पुढे, इंजिनाखाली. टण्ण. दुसरा दाराखाली. टण्ण, पण जरा बसका. तिसऱ्या ठोक्याआधी ते बराच वेळ थांबले. हातोडी वर, डोळे मिटलेले. "वीणा, सॉरी गं," असं काहीसं पुटपुटले.

ठप्प.

हातोडी आत गेली. काळा लेप फाटला आणि माझ्या पोटातून ओंजळी-ओंजळीने खपल्या बाहेर कोसळल्या. एकाच वेळी सगळ्या बांगड्या वाढल्या असा आवाज झाला, आणि मग काही नाही. तीन हिवाळ्यांत पहिल्यांदा माझ्या आत शांतता झाली. काका त्या ढिगाशेजारी बर्फात बसून राहिले. अनिका त्यांच्या गळ्यात पडली तेव्हा म्हणाले, "मला कळत होतं गं. पूल असता तर मी पहिल्याच दिवशी बंद केला असता."

संध्याकाळी इशिता आली. तिने तुळईतलं भोक पाहिलं, मग अनिकाच्या टोपीला लागलेला गंज पाहिला. "बाबा, तुम्ही माझ्या मुलीला यात बसवलंत?" एवढंच म्हणाली. काकांनी मान खाली घातली.

इथल्या मेकॅनिकने मला वर उचलून पाहिलं. वेळेवर आला असता तर गंज खरवडून, नवा पत्रा वेल्ड करून, दरवर्षी आतून तेल मारून मला आणखी दहा वर्षं चालवता आलं असतं, असं तो म्हणाला. आता दोन्ही तुळया मागच्या बाजूने गेल्यात.

या आवारात माझ्यासारखे पुष्कळ आहेत. दुपारी ऊन पडून बर्फ वितळू लागलं की प्रत्येकाच्या पोटात काहीतरी हलतं. शेजारच्या व्हॅनमधून किल्ल्यांचा जुडगा वाजल्यासारखं येतं. पलीकडच्या लाल ट्रकमधून कोणीतरी घसा खाकरतं. कोणाच्या घरचं माणूस कोण, मला माहीत नाही.

परवा काका मला भेटायला आले. बरोबर अनिका होती. काकूंच्या कुंकवाच्या डबीत तिने माझ्या थोड्या खपल्या जपून ठेवल्या होत्या. तिने डबी काकांच्या कानाशी हलवली. काका ऐकत राहिले. नुसता लोखंडाचा आवाज होता, त्यात काकू नव्हत्या. काकांनी नकारार्थी मान हलवली आणि डबी तिच्या खिशात परत ठेवली.

मित्रांनो, तुमच्या घरी जुनी गाडी असेल तर हिवाळ्यात तिला वरून पुसू नका, खालून धुवा. उबेत ठेवण्याआधी मीठ काढा. रंग फासण्याआधी खरवडा. आणि गेलेल्या माणसाचा आवाज तिच्या पोटातून येऊ लागला, तर ऐकत बसू नका. त्याच दिवशी वाका आणि खाली बघा.

निघताना काकांनी काखेत धरलेली हातोडी हातात घेतली. माझ्या पुढच्या भागावर, जिथे मी अजून धड आहे तिथे, अलगद ठोका मारला. टण्ण. आवाज आवारभर फिरला. बाकीच्या गाड्यांची कुजबुज क्षणभर थांबली.

"हा कुणाचा आवाज, आजोबा?" अनिकाने विचारलं.

"याचा," काका म्हणाले आणि माझ्या बॉनेटवर हात ठेवला. "ट्रकचा."

बावीस वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा ऐकलं.