कच्च्या टाक्यांचा कोट

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे. कोट म्हटले की तो कुणाचा तरी असतो, वडिलांचा, साहेबांचा, नाहीतर नवरदेवाचा. मी मात्र आजवर कुणाचाच झालो नाही. माझ्यासाठी माप देणारा माणूस मला न्यायला आलाच नाही, आणि ज्यांनी मला नेले त्यांच्या मापाचा मी कधीच नव्हतो.

माझे कापड करड्या रंगाचे, लोकरी. एका ठेकेदाराने ते स्वतः निवडले. अस्तर गडद लाल, पाण्यासारखे हातातून निसटणारे. बटणे शिंगाची. शिंपीकाकांनी मला मन लावून शिवले. कॉलर बसेना म्हणून त्यांनी ती दोनदा उसवली आणि तिसऱ्यांदा बसवली. ठेकेदार एकदा आला, मला अंगात घालून त्याने आरशात वळून वळून पाहिले, खूश झाला. पुढे त्याचे काम बंद पडले आणि तो गाव सोडून गेला. शेजारचे म्हणाले, विकून टाका. शिंपीकाका म्हणाले, "अनामत दिली आहे माणसाने. येईल तो."

मी दाराजवळच्या खुंटीवर वाट पाहू लागलो.

मग एकदा समोरच्या इमारतीतल्या रखवालदाराचा मुलगा धावत आला. त्याला नोकरीची मुलाखत होती आणि धड कपडे नव्हते. शिंपीकाकांनी खुंटीकडे पाहिले, डोके खाजवले आणि मला खाली काढले. पण कात्री लावली नाही. परक्याची वस्तू, मालक उद्या उभा राहिला तर? त्यांनी मला उलटे केले, आतल्या शिवणी मुलाच्या अंगाबरोबर दाबल्या आणि पांढऱ्या दोऱ्याने लांब लांब कच्चे टाके घातले. दोरा पांढराच, कारण उसवताना तो चटकन दिसावा. बाहेरून पाहणाऱ्याला वाटले असते, हा कोट याच मुलासाठी जन्माला आला. मुलाला नोकरी लागली. मी परत आलो, टाके उसवले गेले, आणि मी पुन्हा ठेकेदाराच्या मापाचा झालो.

तेव्हापासून माझे नाव झाले. गुणाचा कोट, म्हणायचे लोक. मी कारकून घडवले, शिक्षक घडवले, एक तर आगगाडीचा तिकीट तपासनीस घडवला. प्रत्येकासाठी माझ्या बगला दाबल्या जात आणि काम झाले की सैल होत. शिंपीकाका कुणाकडून काही घेत नसत. "कोट माझा थोडाच आहे?" असे म्हणत. पण पेढे यायचेच, आणि त्यांचा चुरा माझ्या खिशात सापडायचा.

दिवस पालटले. तयार कपड्यांची दुकाने निघाली. मला खुंटीवरून काढून कपाटामागे लटकवले गेले. कॉलरच्या खाली कसरीने एक भोक पाडले. शिंपीकाकांच्या डोळ्यांना सुईचे नेढे दिसेनासे झाले. कुणी मला विचारत नसे, आणि मीही कुणाला काही विचारू शकत नव्हतो.

शिंपीकाकांचे दुकान म्हणजे एका गाळ्याचा अर्धा भाग. मध्ये पडदा, आणि पडद्यापलीकडे एका बाईंचे इस्त्रीचे दुकान. त्यांचे यजमान पूर्वी मालाची गाडी चालवायचे. नजर अधू झाल्यावर मालकाने त्यांना घरी बसवले, तेव्हापासून ते बायकोने इस्त्री केलेल्या कपड्यांच्या घड्या घालतात. नजर अधू असली तरी त्यांच्या घडीच्या कडा एकमेकींवर बरोबर येतात. त्यांची थोरली मुलगी विज्ञानाची पदवीधर झाली आणि पुढे शिकायचे म्हणाली. विषय काय, तर जमिनीखालचे पाणी. ते कुठून येते, कुठल्या थरातून जाते, आणि वाटेत काय काय उचलते. पडद्याआडून ऐकून ऐकून मलाही त्यातले थोडे कळू लागले होते.

थोरलीला दुसऱ्या शहरातल्या विद्यापीठात जागा मिळाली. सगळा गाळा आनंदला. मग शुल्काचा आकडा आला आणि इस्त्रीची वाफ तेवढी ऐकू येऊ लागली.

त्यांनी काय केले नाही? बँकेत गेले. साहेबांनी विचारले, तारण काय ठेवता? घरी आल्यावर बाबा म्हणाले, "इस्त्री ठेवतो म्हणालो असतो, पण गरम असते, हात पोळायचा त्यांचा." कुणी हसले नाही, मग तेच थोडे हसले. मामाकडे शब्द टाकला. मामाने चहा पाजला आणि आपल्याच अडचणी सांगितल्या. विद्यापीठातल्या बाई भल्या होत्या. पहिले सत्र पार पडले की प्रयोगशाळेत शिकवायचे काम देते, त्यात पुढचे शुल्क सुटेल, असे त्यांनी कळवले. म्हणजे प्रश्न फक्त पहिल्या सत्राचा होता. पण पहिली पायरीच नसेल तर जिन्याचा काय उपयोग?

शेवटी एका न्यासाचे नाव कळले. दरवर्षी एका हुशार आणि गरजू विद्यार्थ्याचे शुल्क तो न्यास भरायचा. अर्ज गेला, उत्पन्नाचा दाखला गेला, आणि मुलाखतीचे बोलावणे आले.

त्या दिवशी पडदा बाजूला झाला आणि थोरलीची आई आत आली. म्हणाली, "दादा, तो गुणाचा कोट आहे का अजून?"

मित्रांनो, मला किती आनंद झाला म्हणून सांगू! शिंपीकाकांनी मला झटकले, कसरीचे भोक आतून रफू केले आणि सुईत दोरा ओवायला थोरलीलाच सांगितले. मी तिला बराच मोठा होतो. त्यांनी बगला दाबल्या, पाठीची शिवण दाबली, बाह्या आत दुमडल्या आणि खांद्यांची गादी आत सरकवून टाचली. आतून मी पांढऱ्या टाक्यांनी भरून गेलो. बाहेरून मात्र एक सुरकुती नव्हती.

मग आईने मला इस्त्री केली. तिचे आयुष्य लोकांच्या कपड्यांवरून हात फिरवण्यात गेले होते. चुरगळलेल्या माणसाला दारात उभे करत नाहीत, हे तिने डोळ्यांनी पाहिले होते. शिंपीकाकांचेही मत तेच. एक नूर आदमी, दस नूर कपडा, असे ते गिऱ्हाइकाला सांगत आले होते. मावशीने मनगटी घड्याळ दिले, शेजारणीने बूट दिले. आणि आईने निघताना बजावले, "मागायला चाललीस, पण वाकून मागू नकोस. रडगाणं गायचं नाही."

मुलाखतीच्या खोलीत तिघे होते. एक पांढऱ्या केसांच्या अध्यक्षबाई, एक जाड चष्म्याचे हिशेबनीस, आणि कागद पुढे सरकवणारा एक तरुण चिटणीस. अध्यक्षबाईंनी अभ्यासाबद्दल विचारले. थोरलीने विचारले, फळ्यावर काढून दाखवू का? खडूची भुकटी लागेल म्हणून तिने मला काढले आणि अलगद खुर्चीच्या पाठीला अडकवले. उसना कोट कुणी विसरत नाही, तसाच तो कुणी मळवतही नाही.

तिने जमिनीचे थर काढले. विहीर काढली. म्हणाली, "पाणी स्वच्छ दिसतं, पण वरून बघून काही सांगता येत नाही. खाली उतरून मोजावं लागतं." तिघेही माना डोलावत होते. हिशेबनीसांनी तर उलट प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकून हसले.

मग अध्यक्षबाई म्हणाल्या, "आम्ही नाही म्हटलं, तर काय कराल?"

माझ्या मनात आले, सांग. बँकेचे सांग, मामाच्या चहाचे सांग, बाबांच्या डोळ्यांचे सांग. पण तिच्या कानात आई होती. ती ताठ उभी राहून म्हणाली, "काहीतरी मार्ग काढू. थांबणार नाही मी."

हिशेबनीसांनी माझ्याकडे पाहिले. कोट छान आहे, म्हणाले, कुठे शिवला? उसना आहे हे सांगायची तिला लाज वाटली असावी. खोटे बोलायचीही सवय नव्हती. म्हणून ती म्हणाली, ओळखीच्या काकांनी शिवलाय. ते खरेच होते.

मुलाखत छान झाली या आनंदात ती बाहेर गेली आणि मी खुर्चीवरच राहिलो. उसना कोट कुणी विसरत नाही असे मी आत्ताच म्हटले. त्या दिवशी तेवढे चुकले.

दार लागले. अध्यक्षबाई म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे."

"हुशार आहेच," हिशेबनीस म्हणाले. "पण गरज? हा कोट बघा. घड्याळ बघितलंत? घरचा शिंपी आहे त्यांचा."

"दाखला तर कमी उत्पन्नाचा आहे," चिटणीस हळूच म्हणाला.

"दाखले सगळेच आणतात. म्हणून तर समोर बोलावतो आपण. आणि ती स्वतःच म्हणाली की, मार्ग काढू."

हिशेबनीस उठून माझ्याजवळ आले. दोन बोटांनी माझी कड उचलली आणि अस्तरावरून अंगठा फिरवला. मित्रांनो, त्यांच्या अंगठ्यापासून टीचभर अंतरावर, बगलेत, अस्तराच्या कडेला पांढरे टाके होते. लांब लांब, कच्चे, आंधळ्याच्याही हाताला लागतील असे. मला फक्त उलटे करायचे होते. बाही पकडून एक हिसका पुरे होता. मी जीव एकवटला. पण कोटाने जीव एकवटला तरी त्याची बाही हलत नाही. त्यांनी कड सोडून दिली आणि ते म्हणाले, "भारी अस्तर आहे."

तेवढ्यात थोरली दार वाजवून आत आली, माफी मागून मला घेऊन गेली.

निवड एका दुसऱ्या मुलाची झाली. मुलाखतीआधी मी त्याला खोलीबाहेरच्या बाकावर पाहिले होते. त्याच्या सदऱ्याची कॉलर उलटवून पुन्हा शिवलेली होती. त्याची गरज खोटी नव्हती. कुणावर रागवावे, हेही मला कळेना.

गाळ्यात नकाराची चर्चा पुष्कळ झाली. उत्तर चुकले का? नाही, थोरली म्हणाली, उत्तरे बरोबर होती. आई म्हणाली, मग बुटांना पॉलिश कमी पडले असेल. शिंपीकाकांनी मला उजेडात धरून बराच वेळ पाहिले आणि मान हलवली. "बटणं," ते म्हणाले. "बटणं जुनी दिसतात. तिथेच घात झाला."

विद्यापीठातल्या बाईंनी जागा एक वर्ष राखून ठेवली. पुन्हा मात्र ठेवता येणार नाही, असेही कळवले. थोरली पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुण्याच्या कामाला लागली. तिथे काही शिल्लक पडेल असे वाटले होते, पण बाबांच्या डोळ्यांचे ऑपरेशन निघाले. वर्ष सरले आणि त्याच न्यासाचे बोलावणे पुन्हा आले.

या वेळी शिंपीकाकांनी मला पुन्हा कच्चे टाके घातले आणि नवी बटणे लावली, पितळी, चकचकीत. आईने माझ्या कडा अशा काढल्या की बोट कापावे. थोरली मात्र मला घालायला तयार होईना. ती म्हणाली, "आई, मागच्या वेळी कोट घातला आणि नाही मिळालं. या वेळी बिनकोटाची जाते. निदान तुलना तरी होईल."

नेऊ नकोस मला, मी म्हणत होतो. राहू दे मला खुंटीवर.

"तुझ्या प्रयोगासाठी माझं नाक कापू का?" आई म्हणाली. "जगाचे कपडे मी इस्त्री करते आणि माझीच मुलगी अशी जाईल?" बाबा घड्या घालता घालता म्हणाले, "घाल ग. तुझ्या आईची इस्त्री वाया गेली तर घर इस्त्रीपेक्षा जास्त तापेल." थोरली हसली आणि तिने हात माझ्या बाह्यांत घातले.

घाईत एक टाका निसटला होता. माझ्या डाव्या बाहीतून पांढऱ्या दोऱ्याचे टोक बाहेर लोंबत होते, बोटभर. ते फक्त मला ठाऊक होते. मी मनात म्हणालो, आता कुणीतरी पाहील. हिशेबनीस विचारतील, हे काय? ओढून पाहतील, बाही सुटेल, लांब होऊन तिच्या बोटांवर येईल, आणि सगळे आपोआप उघडे होईल. एका दोऱ्यावर मी सगळी भिस्त ठेवली.

उंबऱ्याशी आई वाकली. तिने लेकीचा हात वर उचलला आणि दोरा दातांनी तोडला. मग त्या जागेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "जा आता."

मित्रांनो, ही हकीकत मी तुम्हाला त्याच बाकावर बसून सांगतो आहे. आत कुणाची तरी मुलाखत चालू आहे. थोरली ओठांतल्या ओठांत थरांची नावे म्हणते आहे आणि तिच्या दंडाचा घाम माझ्या टाक्यांत उतरतो आहे. तुमच्यापैकी कुणीतरी मोठेपणी टेबलाच्या त्या बाजूला बसाल. तेव्हा समोरच्याचा कोट जरूर पाहा, पण एकदा उलटूनही पाहा. आणि तुम्ही या बाजूच्या बाकावर असाल, तर कोट उसना आहे हे सांगायला लाजू नका. कपडे कसरीपासून जपतात, माणसांना कशाकशापासून जपावे लागते हे मला अजून नीट कळलेले नाही.

दार उघडले. चिटणीस तिला बोलावतो आहे. ती उठली, तिने मला खाली ओढून सरळ केले, आणि बटणे लावली.

मी फार छान दिसतो आहे.