वाऱ्यातला मधला स्टंप

मी एक जुना मधला स्टंप आहे. छापील मराठीत मला यष्टी म्हणतात, पण त्या नावाने आजवर मला कोणी हाक मारलेली नाही. सुताराने मला तासलं, खाली टोक काढलं आणि दोन भावंडांच्या मधोमध उभं केलं. घरात मधल्याचं होतं तेच माझं झालं. मार सगळ्यात जास्त, कौतुक बेताचं.

मित्रांनो, खेळ तसा सोपा आहे. खेळपट्टीच्या दोन्ही टोकांना आम्ही तिघे-तिघे उभे असतो. आमच्या डोक्यावर दोन छोट्या लाकडी बेल्स नुसत्या टेकवलेल्या असतात. गोलंदाज चेंडू टाकतो तो आम्हाला पाडायला. फलंदाज बॅट घेऊन उभा राहतो तो आम्हाला वाचवायला, आणि जमलंच तर धावा काढायला. चेंडू आम्हाला लागून बेल पडली की फलंदाज त्रिफळाचीत. चेंडू लागला, पण बेल पडली नाही, तर तो नाबाद. मार आम्ही खायचा आणि निकाल बेलने द्यायचा! संघात अकरा जण, तरी दहा बाद झाले की डाव संपतो, कारण दुसऱ्या टोकाला सोबत लागतेच. हे ज्याने ठरवलं तो संसारी माणूस असावा.

माझी उमेदीची वर्षं बेकरी विरुद्ध पोस्ट या वार्षिक सामन्यात गेली. दोन पंचांपैकी एक असायचे कोपऱ्यावरचे घड्याळजी. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसणाऱ्याला लांबचंही नीट दिसत असेल, असा लोकांचा समज होता.

एका वर्षी त्यांचा नवा जावई पोस्टाकडून खेळायला उतरला. तो पत्रं वाटायचा. लग्नाला वर्ष होत आलं तरी सासरे त्याच्याशी 'या, बसा, पाणी घ्या' याच्या पुढे बोलले नव्हते. आज काही झालं तरी त्यांच्या नजरेत भरायचं, असं ठरवून तो आला होता.

त्या दिवशी वारा असा की बेल्स ठेवल्या की उडायच्या. त्या वेचून वेचून कंटाळल्यावर दोन्ही पंचांनी नियमाप्रमाणे बेल्सविनाच खेळायचं ठरवलं. अशा वेळी चेंडू स्टंपला नुसता लागला तरी फलंदाज बाद. लागला की नाही, ते पंचाने ठरवायचं.

पोस्टाची शेवटची जोडी, तीन धावा हव्या, समोर जावई. बेकरीच्या भट्टीवाल्याचा चेंडू आत वळला, बॅट आणि पॅडच्या फटीतून सरकला आणि मला घासून गेला. टक्. एवढंच.

कोणी विचारल्याशिवाय पंच बाद देत नाही. बेकरीच्या अकराही जणांनी विचारलं, तेही एकदम.

"हाउज दॅट!"

"घड्याळजी, लागला! आईशप्पथ लागला!" भट्टीवाला नाचत होता.

"वारा होता तो, वारा!" पोस्टमास्तर सीमारेषेबाहेरून ओरडले.

जावयाला कोणी बोट दाखवत नाही. घड्याळजींनी ते सावकाश वर केलं. जावई मान खाली घालून निघाला. पोस्ट हरलं.

सामानाची पिशवी घड्याळजींच्या घरी राहायची. ती जावयानेच वाहून आणली. हरला असला तरी तरुण होता. पिशवीतून माझं डोकं बाहेर होतं. दारात लेक उभी होती.

"बाबा, तुम्ही यांना आउट दिलंत?"

"मी नाही. नियमाने दिलं."

"मग आता नियमालाच वाढायला सांगा."

घड्याळजी पंचाचा कोट खुंटीला अडकवू लागले, तोच खिशातून चार बेल्स खडखडत फरशीवर पडल्या. जड लाकडाच्या, मुद्दाम वाऱ्यासाठी केलेल्या. सामनाभर त्या तिथेच होत्या. घड्याळजींचा चेहरा बंद पडलेल्या घड्याळासारखा झाला.

"जावईबापू," ते खाली बघत म्हणाले, "या लावल्या असत्या तर बेल पडली नसती. तुम्ही नाबाद होतात. तुमचा सामना मी घालवला."

जावयाने बेल्स उचलून टेबलावर ठेवल्या. "पण बाबा, लागला होता ना?"

"लागला होता. मी ऐकलं."

"मीही ऐकलं."

"मग तसं सांगून निघून यायचं ना!" लेक म्हणाली.

"बोट वर जायची वाट बघत होतो. म्हटलं, सासरे आहेत, एखाद वेळेस नाही जाणार."

घड्याळजी आधी खोकले, मग हसले, मग बसा न म्हणता त्याच्या शेजारी जाऊन बसले. जेवण होईपर्यंत दोघांनी तो एक चेंडू निदान दहा वेळा खेळून दाखवला. लेकीने वाढलं. नियमाने नाही.

पुढे स्प्रिंगवाले प्लॅस्टिकचे स्टंप आले. मला चीर गेली आणि मी घड्याळजींच्या परसात टोमॅटोच्या वेलाचा आधार झालो. तक्रार नाही. दर रविवारी सासरा-जावई इथे वेल बांधायला येतात आणि पायचीतवरून भांडतात.

मित्रांनो, बॅटला तेल लावता, चेंडू चमकवता, तसं आम्हालाही खेळ संपल्यावर पुसून ठेवत जा. आणि वारा सुटला तर आकाशाकडे बघण्याआधी खिसे तपासा.

आता वाऱ्यात टोमॅटो हलतो आणि मला घासून जातो. टक्. कोणी अपील करत नाही.